हँडल ऑफ कर

तुम्हाला खोटं वाटेल, पण धामणकर नाक्याच्या आमच्या कापडाच्या लूम कारखान्यात एकाच इंग्रजी शब्दावर सगळं भागायचं. लोडशेडिंग झालं, लाईट ऑफ. शुक्रवारी कारखाना ऑफ. माणूस वारला तरी "ऑफ हो गया."

शाळा सोडून मी नवीनच लागलो होतो. एका दुपारी लाईट गेली, म्हणून तुटलेला धागा जोडायला मी लूममध्ये हात घालत होतो. मागून आवाज आला, "बेटा, पहले हँडल ऑफ कर."

मी लूम चालू-बंद करायचं हँडल ओढून ऑफ केलं आणि तेवढ्यात लाईट आली. शेजारचे लूम एकदम धडधडले. माझा हात वाचला. आभार मानायला मागे वळलो, तर नुसती भिंत.

लूम दुरुस्त करणाऱ्या शकीलभाईंना हे सांगितलं. ते हसले नाहीत. त्यांनी पट्टी बांधलेली बोटं पुढे केली.

"तेरे को ऑफ बोला? कल मेरे को बोला था, ऑन कर."