हात धुतले ना?

भावाच्या बाळाला पहिल्यांदाच मांडीवर घ्यायचं, म्हणून आत्या दवाखान्यातल्या नव्या नळाखाली पुन्हा पुन्हा हात धूत होती. हात पुढे केला की साबण आपोआप पडायचा, पाणीही आपोआप यायचं. कशाला बोट लावायची गरज नाही. मागे सफाईच्या मावशी नव्या बाईला काम शिकवत होत्या.

"हा साबण दाट असतो गं. तसाच ओतला की यंत्र तुंबतं. अर्धं पाणी घालायचं."

"या नळाचं?"

"हा कसला देतोय! ओंजळ भरली की बंद. बाटली भरेपर्यंत माझा जन्म जाईल."

"मग पाणी आणता कुठून?"

"आत संडासात फ्लशची टाकी आहे ना? झाकण उचलायचं नि बाटली बुचकळायची."

"अगं बाई! मावशी, त्यानेच लोक हात धुतात!"

"मग? वास बघ की, कसा गुलाबासारखा येतो. साहेबसुद्धा म्हणाले, पाणी वाचवावं तर मावशींनी."

दारातून नर्सने हाक मारली. "बाळाची आत्या कोण? हात धुतले ना? घ्या, तुमचा भाचा."

दुपट्यातलं बाळ ओठ हलवत चोखायला काहीतरी शोधत होतं.

आत्याने दोन्ही हात पाठीमागे लपवले.