दगडाची पाठ

पेणच्या गाडीची वाट बघत विमलबाई रोह्याच्या स्टँडवर बसल्या होत्या. मागच्या बाकावर कुणी सासू-सुना बोलत होत्या. विमलबाईंनी मान वळवली नाही, पण कान काही जागेवर राहीनात.

"सारखं काय बघतेस गो त्या दगडाकडं?"

"रंगच नाय ऱ्हायला, आई. काल कसा निळाहिरवा चमकत व्हता."

"घासताना उडाला?"

"रंगाला हात नाय लावला. मागं काळपट दगड व्हता, तो घासून काढला. मला वाटलं, भाताच्या तुसासारखंच हाय."

"मग चांगलंच केलंस की."

"नाय हो! उस्ताद शिकवताना म्हनले व्हते, ह्या ओपल खड्याचा रंग पापुद्र्याएवढा, काळ्या पाठीवरच उठून दिसतो. पाठ गेली नि नुसती काच ऱ्हायली."

"दुसरा देतील."

"परदेशातला दगड तो! आज उस्तादांना पसंत पडला तरच खडे घासायच्या मशीनवर कामाला बसवनार. नायतर परत धाटावला, कंपनीत झाडू. ह्या कामाला घरात सगळे नको म्हनत व्हते, तुमीच एकट्या हो म्हनलात…"

"गप. गाडी लागली."

"उस्तादांना काय सांगू?"

"झालं ते सांग. तू पुढं हो, मी मागं उभी ऱ्हाते."

"तितनं हलू नका मातर, आई."