मागच्या सीटखालची करडी वायर

— फलाट चारवर लागणारी गाडी आज फलाट दोनवर लागेल. प्रवाशांच्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.

— हं.

— आई, बाबांना सांग ना गं, टीव्ही हळू करा. खालचे काका परत वर आलेत.

— बॅटरीतून थेट लाइन घेतली की मध्ये फ्यूज हवाच. नाहीतर एक दिवस सीटखालून धूर.

— घटस्फोटाच्या सह्यांची घाई नको, असं माझं मत. वकील असून सांगतेय. अजून एक महिना थांबून बघा.

— अहो, मी आज वकिलाकडे जाऊन आले.

— हं.

(वायरमनचं दुकान. नवऱ्याची मोटरसायकल उभी, मागची सीट उघडलेली.)

बायको: आणि ही करडी वायर? ही कुठे जाते?

वायरमन: ती होय. ती अशीच. अर्थिंग.

बायको: मघाशी काळीला अर्थिंग म्हणालात.

वायरमन: मॅडम, गाडीत अर्थिंग कितीही लागतं. तुम्ही त्या स्टुलावर बसा बघू. सीट उघडी आहे, कपड्यांना ग्रीस लागेल.

बायको: कपड्यांचं माझं मी बघते. चार स्पीकर, वर हा एवढा थोरला अ‍ॅम्प्लिफायर. दोन माणसांना लागतो एवढा आवाज?

वायरमन: हायवेला वारा असतो ना. गाडीने वेग घेतला की साधे स्पीकर नुसते ओठ हलवतात.

बायको: म्हणजे मागचा माणूस ओरडला तरी पुढच्याला ऐकू जाऊ नये, याची पक्की सोय.

वायरमन: अहो, उलट...

बायको: उलट काय?

वायरमन: काही नाही. मॅडम, राग मानू नका, पण गाडी साहेबांची, काम साहेबांनी सांगितलेलं. तुम्ही त्यांच्या मिसेसच कशावरून? मागे एक बाई अशीच आली, भावाची गाडी आहे म्हणाली आणि चावी घेऊन गेली. तो भाऊ अजून मला शिव्या घालतोय.

बायको: मी चावी मागितली का? आणि बायको नसते तर भर उन्हात तुमच्याकडे वायरी बघायला आले असते?

वायरमन: तेही खरं. थांबा, थांबा. हा आवाज... परत बोला ना काहीतरी. ‘खिसेकापूंपासून सावध राहा’! त्या तुम्हीच! बसस्टँडवर घोषणा करणाऱ्या!

बायको: हो. मीच.

वायरमन: काय सांगता! अहो, लहानपणापासून ऐकतोय तुम्हाला. घरी कुणी आवरायला उशीर केला की मी तुमची नक्कल करतो. चहा सांगू, वहिनी?

बायको: मघापर्यंत चोर होते, आता वहिनी झाले. चहा नको. सगळं गाव माझं ऐकतं. घरात एक माणूस आहे, त्याला काहीही सांगा, ‘हं’. गॅस संपला, हं. मुलीला ताप आहे, हं. मी वकिलाकडे जाऊन आले, हं! दोन वर्षं चाललंय हे. आणि आता एकदम म्हणतात, मागे बस, आठ दिवस लांब फिरून येऊ. माझ्यासाठी? ह्या माणसाला माझा पुळका कधीपासून आला? खरं सांगा, ही वायर कसली?

वायरमन: वहिनींना यातलं बोलायचं नाही, असं साहेबांनी बजावलंय. शब्द दिलाय मी.

बायको: बजावलंय ना? मग तर मीच बघते.

वायरमन: अहो, हळू! ओढू नका! क्लिप तुटेल, सकाळपासून बसवतोय मी ती!

बायको: हे काळं बोंड कसलं?

वायरमन: ते... ते सेन्सर.

बायको: सेन्सर! पंचवीस वर्षं असलं बोंड तोंडासमोर धरून पोट भरतेय मी. माईक आहे हा.

वायरमन: आहे.

बायको: दांडी दुमडून सीटखाली लपवलाय. सरळ केला की मागे बसणाऱ्याच्या बरोबर तोंडाशी. आता कळलं. आठ दिवस मला बोलतं करायचं आणि ते सगळं भरून ठेवायचं. चिडून माझ्या तोंडातून एखादा वेडावाकडा शब्द निघाला की उद्या वकिलासमोर वाजवायचा. म्हणून एवढं गोड बोलणं.

वायरमन: छे, छे! वहिनी, भलतंच! रेकॉर्डिंगला कार्ड लागतं, कार्डाला खाच लागते. हा घ्या टॉर्च, शोधा. ही करडी वायर इथून निघाली, टाकीखालून गेली, अ‍ॅम्प्लिफायरमध्ये शिरली, संपली. तिथून आवाज पुढच्या दोन स्पीकरना. हँडलपाशी. बस्स.

बायको: पुढच्या? म्हणजे मी मागे बोलले की त्यांच्या पुढ्यात मोठ्याने?

वायरमन: झालं. दिलेला शब्द गेला गटारात.

बायको: पण कशासाठी? वाऱ्यासाठी?

वायरमन: मीही तेच विचारलं. म्हटलं, बोलण्यासाठी हेल्मेटमध्ये बसवायचं मिळतं, छोटंसं, ते घ्या. तर म्हणाले, मित्राचं लावून पाहिलं, शब्द लागत नाहीत, काहीतरी दणदणीत हवं. मला वाटलं, हौस असेल. लोक काय वाट्टेल ते लावतात. एकाने कोंबडा आरवणारा हॉर्न बसवून घेतलाय.

बायको: कोंबडा राहू द्या. तुम्ही मघापासून ती पक्कड उगाच पुसताय. अजून काहीतरी पोटात आहे तुमच्या.

वायरमन: म्हणजे... काल ट्रायल घेतली. माईक आणि स्पीकर जवळजवळ, आवाज फुल्ल. माईकने कर्कश शिट्टी मारली. तुम्हाला ठाऊकच असेल.

बायको: ठाऊक आहे. स्टँडवर झाली की प्रवासी सामान टाकून कानावर हात ठेवतात.

वायरमन: तशीच. दाताला झिणझिण्या आल्या. समोरचा चष्मेवाला दुकान टाकून धावत आला, कुत्रं शटरखाली घुसलं. मी बटण शोधतोय, सापडेना. आणि साहेब...

बायको: आणि ते?

वायरमन: टाकी पुसत होते. मान वर केली नाही, वहिनी. फडकं फिरवतच राहिले. मग म्हणाले, चालू करा ना, किती वेळ लावताय.

बायको: खोटं. हे तुम्हाला पढवलंय.

वायरमन: मला? पढवलेलं माझ्या लक्षात राहिलं असतं तर शाळेत पास झालो नसतो?

बायको: मग परत करा. माझ्यासमोर. ते आले की, त्यांना न सांगता.

वायरमन: शिट्टी? मुद्दाम?

बायको: मुद्दाम. नाटक असेल तर दचकतील. शिट्टीला कुणाला ‘हं’ म्हणता येत नाही.

(थोड्या वेळाने. नवरा गाडीवर, तोंड रस्त्याकडे. बायको त्याच्या पाठीमागे उभी.)

नवरा: तू इथे कशी काय?

बायको: सहज. म्हटलं, गाडी बघावी.

नवरा: हं.

वायरमन: साहेब, शेवटची ट्रायल. आरशात नाही, समोर बघा.

नवरा: समोर कशाला?

वायरमन: सेटिंग असतं तसं.

नवरा: बरं. करा.

वायरमन: करतोय हं. (मागे जाऊन) वहिनी, कान झाका. आई गं!

बायको: बंद करा! पुरे, पुरे, बंद!

वायरमन: केलं, केलं! चष्मेवाले, काही नाही झालं, तुम्ही जा आत!

नवरा: कराल का चालू एकदाचं?

वायरमन: (पुढे येऊन) झाली, साहेब.

नवरा: तो चष्मेवाला हातवारे का करतोय? काय झालं? तुम्ही दोघं माझ्याकडे असे का बघताय?

बायको: कधीपासून?

नवरा: हं.

बायको: ‘हं’ नाही. इकडे वळा. माझ्या तोंडाकडे बघा. कधीपासून ऐकू येत नाही?

नवरा: येतं की. ट्रक येतो, दार आपटलेलं येतं. हा जवळ येऊन बोलतो ते येतं, याचा घसा फाटका आहे. तुझा आवाज बारीक. तो येतो, पण शब्द होऊन येत नाही.

बायको: डॉक्टरला दाखवलंत?

नवरा: दाखवलं असतं तर तुला कळलं असतं.

बायको: आणि मला कळलं तर काय आभाळ कोसळणार होतं?

नवरा: पहिल्या पहिल्यांदा मी ‘काय, काय’ म्हणायचो. तू म्हणायचीस, राहू दे. मग ते ‘राहू दे’ वाढत गेलं. ‘हं’ म्हटलं की निदान तू पुढे बोलत तरी राहायचीस.

बायको: मी वकिलाकडे गेले होते हे सांगितलं, त्यालाही ‘हं’ म्हणालात तुम्ही. भात कालवता कालवता.

नवरा: कुठल्या वकिलाकडे?

वायरमन: वहिनी, मी जरा चष्मेवाल्याला समजावून येतो.

बायको: कुठे जायचं नाही. तो माईक चालू करा.

वायरमन: आवाज खाली ठेवतो. तुम्ही तोंडाजवळ धरा, म्हणजे परत शिट्टी...

बायको: माईक कसा धरायचा ते मला शिकवू नका. सरका थोडे पुढे, अहो. मला बसू द्या. हां. आता समोर बघा. कुठल्या वकिलाकडे, ते सांगते. का गेले तेही सांगते. सगळं सांगते. येतंय?

नवरा: ‘सगळं’ आलं. त्याच्या आधीचं परत सांग.

बायको: आधीचं बरंच मोठं आहे.

नवरा: हळूहळू सांग. आणि मी ‘काय’ म्हणेन.

बायको: म्हणा.

वायरमन: वहिनी, ही गाडी कंपनीतून एका सीटची येते. मागची सीट त्यांनी, गाडी घेतली त्याच दिवशी, तुमच्यासाठी वेगळी बनवून घेतली होती.