बंद्या रुपयाएवढं

गिरणी कामगारांवर झालेल्या गोळीबारानंतर चौथ्या दिवशी परळच्या इस्पितळात औषधासाठी थांबलेल्या सुनंदाच्या कानावर शेजारच्या बाकावरचं बोलणं पडत होतं. खाणावळवाल्या राधाबाई माणदेशातून आलेल्या म्हाताऱ्याशी बोलत होत्या.

“बुधाजी, पुडीत मसाल्याचं दगडफूल आणलंत होय? तुमच्या भिवाला सांगितलं होतं मी.”

“न्हाय बाई. दारातल्या बाभळीची साल हाय.”

“अगंबाई, सालीवर दगडफुलासारखंच आहे की, पण हे तर नारंगी!”

“आमच्याकडं सालीवर असंच पानापानांचं उगवतं. लई हळू वाढतं. भिवा गिरणीत आला तवा चिंचोक्याएवढं हुतं. म्हनला, बंद्या रुपयाएवढं झालं की कायमचा घरी येतो.”

“आठ वर्षं झाली त्याला.”

“मागल्या म्हैन्यात रुपया लावून बघितला, बराबर बसला. मग तुमची तार आली, भिवा आजारी हाय म्हनून. म्हातारी म्हनली, साल काढूनच न्या, न्हायतर त्यो इस्वास ठेवायचा न्हाय.”

राधाबाईंनी पदर तोंडाशी धरला. आतून पट्टेवाला आला.

“भिवाचे वडील कोण? चला, ओळख पटवायचीय. मागच्या खोलीत.”

“ही साल आत न्हेली तर चालंल का, सायेब? त्याला दाखवायचीय.”

“न्या बाबा. तिथं कुणी अडवत नाही.”