वाक्यं माझी, तोंड दुसऱ्यांचं

...नाही, नाही, मला सांगा, सगळ्यांची वाक्यं लिहायची मी, आणि ऐन वेळी 'श्श, तू गप्प बस!' हेही मलाच ऐकायचं? हा कुठला न्याय झाला हो? तुम्हाला सांगतो, अख्ख्या न्यांझा गावात मागणीची भांडणं लिहून देणारा माणूस एकच, हा रुग्विरो! आमच्याकडे मागणी म्हणजे मुलाकडचे या मांडवात, मुलीकडचे त्या समोरच्या मांडवात, दोन्हीकडचा एकेक बोलका बुजुर्ग उभा राहतो, मुलीकडच्यानं अडवायचं आणि मुलाकडच्यानं हात जोडून सगळं कबूल करायचं... खोटंखोटं हो! 'मुलगी? कुठली मुलगी? आमच्यात मुलगीच नाही!' 'होती, पण ती नन झाली!' दोन तास हे चालतं, लोक हसून हसून गडबडा लोळतात, मग मुलगी बाहेर येते. पण हल्लीच्या बुजुर्गांना काही सुचतच नाही, मग माझ्या दारात येऊन, 'रुग्विरो, एखादं खमंग पात्र दे ना रे बाबा!' आणि मी देतो.

तर माझीच मागणी ठरली. मुतोनीशी. मुरेन्झीकाका माझ्या बाजूनं बोलणार होते, त्यांना गोडगोड उत्तरं लिहून दिली, म्हटलं आता निवांत... तर दारात कोण? गासिंग्वाभाऊ! मुतोनीच्या बाजूनं अडवणारे!

"अहो भाऊ, नवरामुलगा मीच आहे!"

"असशील. पण भांडण लिहिणारा दुसरा आहे का गावात?"

घेतला कागद, लिहिलं. आणि स्वतःच्या विरोधात आहे म्हणून काय पाणचट लिहू? जमतच नाही हो मला! मी मला एक पणजोबा तयार केला, सेबिहोगो. डाव्या पायानं लंगडा, आणि खोड अशी की तपकिरीच्या डबीवर टकटक केल्याशिवाय तोंडातून खोटं निघायचं नाही. या सेबिहोगोला मुतोनीच्या पणजोबांनी दोस्तीत गाय दिली, आणि दोस्तीतल्या गाईची पहिली कालवड परत द्यायची असते ती या लबाडानं दिलीच नाही! काय पात्र! लिहिताना मलाच त्याचा राग यायला लागला.

मागणीच्या दिवशी मी खांद्यावर वस्त्राची गाठ मारून, हातात काठी धरून बसलो. आणि नवऱ्यामुलानं बोलायचं नसतं. एक अक्षर नाही! वाक्यं माझी, तोंड दुसऱ्यांचं! गासिंग्वाभाऊंनी सेबिहोगो असा काही रंगवला, लंगडून दाखवलं, टकटक करून दाखवलं, बायका टाळ्या पिटायला लागल्या. मुरेन्झीकाकांचं उत्तर मी लिहिलं होतं, 'तो आमचा नव्हेच, शेजारच्या डोंगरावरचा!' झालं, संपलं, हशा... पण तेवढ्यात मुतोनीचे आजोबा उठले. सेंबागारे आजोबा. गेली कित्येक वर्षं कुणी त्यांना चार शब्द सलग बोलताना ऐकलं नव्हतं! उठले, कमरेची डबी काढली, टकटक केलं, आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणतात,

"सेबिहोगो... लंगडा... मी पाहिलाय त्याला. माझा बाप मरेपर्यंत त्या कालवडीची वाट बघत होता. ती कालवड दारात येत नाही तोवर आमची मुलगी बाहेर येणार नाही!"

अहो, हे मी लिहिलेलं नव्हतं! लोक 'वा, वा! काय नट आहे म्हातारा!' करतायत, आणि मी काकांचा सदरा ओढतोय, "काका, खोटं आहे! माणूसच नव्हता तो!" काका म्हणतात, "श्श, तू गप्प बस! रंगात आलंय!" आणि काकांना चढला जोर, माझं वाक्य सोडून देऊन हात जोडून म्हणतात, "कबूल! आमचाच पणजोबा! चोरच होता!" "अहो, मानाची गाय आणलीय की!" मी कुजबुजतोय, काका तेच मोठ्यानं म्हणतायत. आजोबा तिकडून, "ती मुलीची. कालवड वेगळी." आत मुतोनी नटून बसलेली, दाराचा पडदा हलेना की काही नाही. ती आली नाही तर? एका लंगड्यापायी, जो मीच जन्माला घातला? वाक्यं माझी, तोंड दुसऱ्यांचं... मी नुसती मान डोलावली. माझी गाजू, हातानं पाला भरवून वाढवलेली माझी एकुलती एक कालवड, काकांनी भर मांडवात देऊन टाकली. पडदा हलला. मुतोनी आली. काय दिसत होती म्हणून सांगू! मी हसत होतो आणि रडतही होतो, आणि लोक म्हणत होते, जावई फार हळवा आहे.

पण मन खात राहिलं हो. म्हातारा माणूस, बापाच्या आठवणीनं रडला... गेलो एक दिवस त्यांच्याकडे. गाजू अंगणात रवंथ करत होती, माझ्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही.

"आजोबा, माफ करा. सेबिहोगो असा कुणी नव्हताच. मी रचला."

"ते मला ठाऊक आहे. माझ्या बापाकडे गाय होती कुठे? शेळ्या होत्या."

"मग... ते रडणं?"

"अरे पोरा, एवढा झकास चोर उभा केलास आणि त्याला शेवटच नाही दिलास! वाईट वाटलं मला." मग डबीवर टकटक करून म्हणाले, "तुझी कालवड मला मुळीच नको होती."

आता गावात सगळे भांडणं लिहून घ्यायला त्यांच्याकडेच जातात! आणि परवा माझ्या मुलाचं नामकरण आहे. आमच्यात सगळे नावं सुचवतात आणि शेवटी बाप बोलतो. बाप! म्हणजे मी! आयुष्यात पहिल्यांदा वाक्य माझं आणि तोंडही माझंच! म्हटलं, आता असं काही लिहितो की... बसलो कागद घेऊन, तर मुतोनी म्हणते,

"अहो, राहू दे. आजोबा 'सेबिहोगो' सुचवणार आहेत, आणि तुमचं वाक्यही त्यांनीच सांगून पाठवलंय."

"काय आहे?"

"'बरं.'"

...छोटंच आहे. पाठ करतोय.