डाव्या हाताचा चाकू

शिंपीणबाई कात्रीला धार लावून घ्यायला दुकानात उभ्या होत्या. त्यांच्या पुढच्या म्हाताऱ्या बाईंनी कारागिरासमोर एक घडीचा चाकू ठेवला.

“हा डाव्या हाताचा करून द्याल?”

“तुम्ही डावखुऱ्या का, काकू?”

“मी नाही, आमचे हे. आजारपणात उजवा हात लुळा पडला त्यांचा.”

“मग दुसरा घ्या की एखादा.”

“आणला होता. ढुंकून पाहिलं नाही. फळं कापायचा हाच चाकू घेऊन बसतात मांडीवर.”

“बरं. ही अंगठ्याची घुंडी काढून पलीकडच्या बाजूला बसवतो. पातंही जरा सैल करतो, म्हणजे एका हाताने उघडेल. पण फळ तुम्हीच कापून दिलंत तर?”

“देते ना. मुकाट्याने खातात. पूर्वी दुपारी सफरचंद कापायचे आणि पहिली फोड माझ्यापुढे धरायचे. मी आपली कामात. म्हणायची, ठेवा हो तिथे. आता माझी फोड मीच कापते, मीच खाते. गोड लागत नाही.”

“सुरुवातीला बोट कापून घेतील हं.”

“घेऊ देत. पट्टी बांधीन.”

“आणखी एक. मिटायचा खटका उजव्या हाताचाच राहणार, तो काही फिरवता येत नाही. उघडतील, पण त्यांना मिटता यायचा नाही.”

“मिटायला मी आहे की.”

कारागीर घुंडीचा स्क्रू काढू लागला. शिंपीणबाईंना राहवेना.

“काकांना फार आवडतं वाटतं सफरचंद?”

“छे हो! मला आवडतं.”