उतारावरची एक खोली

आर्किटेक्टच्या ऑफिसात माझ्या शेजारी एक वयस्कर जोडपं मांडीवर नकाशा पसरून बसलं होतं.

"अहो, काय म्हणाले ते?"

"प्लॉट उताराचा आहे. माती धरून ठेवणाऱ्या भिंतीतच निम्मे पैसे जातील म्हणे."

"मग माझी शिवणाची खोली काढून टाका."

"तीस वर्षं भाड्याच्या घरात, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बसून शिवलंस तू."

"आणखी शिवेन. त्या खोलीच्या खिडकीतून उताराखालचं तळं तेवढं दिसलं असतं."

"मग असं करू. आधी तेवढी एकच खोली बांधू."

"आणि स्वयंपाक? झोपायचं कुठं?"

"तिथंच. मशीन खिडकीशी, आपण भिंतीशी."

"तुमच्या अंथरुणात माझ्या चिंध्या येतील हं!"

"येऊ देत."

"अहो..."

"काय?"

"खिडकी जरा मोठी करायला सांगा ना त्यांना."